पिशवीतला पेला

जगात जर्मनी अन् भारतात परभणी, असं आमच्याकडे म्हणतात. ही म्हण कोणी काढली ते कोणाला सांगता येत नाही. काढणारा जर्मनीला जाऊन आलेला नव्हता, एवढं मात्र नक्की. आमच्या घरात जर्मनी होती ती भांड्यांची. अॅल्युमिनियमला आमच्या भागात जर्मन म्हणतात. कोरड्यासाचं, म्हणजे कालवणाचं, भगुनं जर्मनचं, पीठ मळायची परात जर्मनची, पाण्याचा हंडासुद्धा जर्मनचा आणि तोही पोचे पडलेला. या सगळ्या जर्मन राज्यात पितळेची वस्तू एकच होती, माझ्या मायचा पेला. तो ती चिंचेनं घासून लखलखीत ठेवायची आणि कुठंही निघाली की पिशवीत टाकायची.

मी तेव्हा परभणीला कृषी विद्यापीठाच्या ग्रंथालयात कामाला होतो. परत आलेली पुस्तकं जागेवर लावायची हे माझं काम, आणि लावण्याआधी ती वाचून काढायची हा जोडधंदा. स्टेशन रोडच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. त्या मिळवताना चपला झिजल्या. खोली दाखवताना घरमालक हवा-उजेडाचं कौतुक करायचे, मग आडनाव विचारायचे, आणि आडनाव सांगितलं की त्यांना एकाएकी आठवायचं की खोली मेहुण्याला द्यायची कबूल केली आहे. परभणीत त्या काळी मेहुणे फार होते. शेवटी आमच्याच एका निवृत्त मास्तरांनी खोल्या दिल्या.

शहर तेव्हा वर येत होतं. म्हणजे दर पंधरवड्याला कशाचं तरी भव्य उद्घाटन असायचं. साधं उद्घाटन त्या वर्षांत परभणीत झाल्याचं मला आठवत नाही. पिठाची गिरणी असो की सायकली भाड्याने देण्याचं दुकान, मांडव पडायचा, लाउडस्पीकर लागायचा, कोणीतरी पुढारी उशिरा यायचा, फीत कापायचा आणि परभणीचं पुणं करून दाखवण्याचं वचन देऊन पेढा तोंडात टाकायचा. पुण्याला हे कोणी कळवलं होतं की नाही, ठाऊक नाही. दुकानांची नावंही अशीच परगावची. कापडाला मुंबई, मिठाईला राजस्थान, आणि केस कापायला थेट पॅरिस.

थट्टा सोडून सांगायचं तर मला हे शहर मनापासून आवडत होतं. संध्याकाळी काम सुटलं की मी गुजरी बाजारापासून स्टेशनपर्यंत काही न घेता नुसता हिंडायचो. बेकरीतून उस्मानिया बिस्किटांचा लोणीदार वास यायचा. टीव्हीच्या दुकानात काचेआड संच चालू असायचा आणि फुटपाथवर हातगाडीवाले, वकील, शेतकरी, बुरख्यातल्या बायका असा सगळा जमाव एकाच दिशेला तोंड करून तो बघत उभा असायचा. आवाज काचेतून बाहेर येत नसे, त्यामुळे बातम्यासुद्धा सुसह्य वाटायच्या. रिक्षावाले उर्दूत भांडायचे आणि मराठीत समेट करायचे. कपबशीच्या दुकानापासून घड्याळाच्या दुकानापर्यंत कोणीही कोणाला एवढंच विचारायचं, "काय दाखवू?"

हा प्रश्न मला फार मोठा वाटायचा. खोली देताना आडनाव विचारणारी परभणी माल दाखवताना ते विचारत नव्हती. शहर सुधारतं ते बहुधा असंच, आधी दुकानात, मग कधीतरी घरात.

वडील गेले त्याला वर्ष होत आलं होतं. माय गावात एकटीच होती. आमचं गाव चारठाण्याच्या पलीकडे, देवगाव फाट्याला उतरून आत चालत जावं लागायचं. तिला गुडघेदुखी लागलेली, शेजारची दोन्ही घरं पुण्याला कामाला गेलेली. मी प्रत्येक खेपेला म्हणायचो, परभणीला चल. ती म्हणायची, "तिथं मला कोण वळखतंय?" तिला तिथं खरंच कोणी ओळखत नव्हतं.

त्या थंडीत ताप आला म्हणून कशीबशी आली आणि येताक्षणीच अट घातली. "उरूस हुईस्तोवर ऱ्हाते. मंग मला फाट्याच्या गाडीत बसवून दे."

परभणीच्या दर्ग्याचा उरूस तोंडावर आला होता. आमच्या बाजूचे सगळे गाववाले त्याला येतात. म्हणजे मुदत ठरलेली आणि जायला सोबतही ठरलेली. तेवढ्या दिवसांत शहरानं माझ्या मायचं मन वळवायचं होतं. मी शहराच्या वतीनं वकीलपत्र घेतलं आणि रोज संध्याकाळी तिला घेऊन निघू लागलो.

आता पेल्याचं सांगितलं पाहिजे. आमच्या गावात चहाचं एकच हॉटेल, चिंचेखाली पत्र्याचं. त्याच्या बाहेरच्या भिंतीत एक कोनाडा होता आणि त्यात आमच्या वस्तीसाठी कान तुटलेले कप पालथे ठेवलेले असायचे. आपण कप घ्यायचा, पुढं धरायचा, हॉटेलवाला वरून चहा ओतणार. पिऊन झाला की आपणच विसळून पुन्हा कोनाड्यात पालथा घालायचा. कायद्यानं हे कधीच बंद झालं होतं, पण कायदा फाट्यावर उतरल्यावर पुढं चालत येत नसे. माय लग्न होऊन त्या गावात आली तेव्हा तिनं तो कोनाडा बघितला आणि माहेरचा पितळी पेला न्यायला सुरुवात केली. "त्याचा फुटका कप मी कामून घेऊ," असं म्हणायची. चहा वरूनच पडायचा, पण पडायचा तिच्या पेल्यात. पुढं मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून सगळा भाग पेटला त्या वर्षी आमच्या गावात आग लागली नाही, पण गिरणीवाल्यानं वस्तीचं दळण घेणं थांबवलं आणि हॉटेलवाल्यानं चहा. दोन्ही पुन्हा सुरू झालं तेव्हा कोनाडा जागेवरच होता. पेलाही.

"इथं त्याची गरज नाही," मी पहिल्याच संध्याकाळी सांगितलं.

"असू दे की. तुला वझं व्हायलंय का?" ती म्हणाली.

पहिल्यांदा तिला मोठ्या कापड दुकानात नेलं. तिथं पांढऱ्या गाद्या अंथरलेल्या असतात. चपला काढून वर बसायचं, मग दुकानदार एकेक लुगडं उलगडून तुमच्या मांडीवर टाकतो. माय पायरीशीच थांबली. दुकानदार म्हणाला, "या ना माय, वर बसा." ती म्हणाली, "बरंय इथंच." मग त्यानं तिथूनच लुगडी हवेत उलगडून दाखवली. तिनं सगळी बघितली, एकाही लुगड्याला हात लावला नाही आणि बाहेर आल्यावर कोणत्याचा काठ कच्चा होता ते मला सांगितलं.

चपलांच्या दुकानात त्याहून वाईट झालं. तिथं एक मिशीवाला गडी ठेवलेला होता. त्याचं काम म्हणजे गिऱ्हाइकापुढं गुडघा टेकायचा, पाय हातात घ्यायचा आणि लाकडी पट्टीवर मोजायचा. त्यानं हात पुढं केला, "पाय द्या माय." तिनं चटका बसल्यासारखा पाय मागं घेतला.

"अहो, मोजायला पायजेत ना."

"न्हाई मोजायचा."

"मंग चप्पल कशी बसंल?"

"जशी बसायची तशी बसंल," असं म्हणून ती बाहेर पडली. माझ्या पायाला कोणी हात लावावा एवढी मी कोण, हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. गडी मला म्हणाला, "लय कडक हायत." मी मान हलवली.

टीव्हीचा मात्र तिच्यावर काही परिणाम झाला नाही. थोडा वेळ बघून म्हणाली, "ही बाई मगापासून बोलायलीय अन् कोणीच हूं म्हणंना." रिक्षा आवडली, कारण तीत बसायला आपली जागा आपल्यापुरती असते. बेकरीवाल्या चाचांनी बिस्किटं कागदात बांधून दिली, ती आवडली. पण घरी आलो की तेच. "चांगलं हाय बाबा तुझं गाव. पण उरूस झाला की मी जाणार."

उरूस जवळ येत होता. तेव्हा मी माझा हुकमाचा पत्ता काढला.

स्टेशन रोडवर नवं हॉटेल निघालं होतं. त्याचं उद्घाटन अर्थातच भव्य झालं होतं. दारावर 'वातानुकूलित' अशी पाटी होती. थंडीचे दिवस असल्यामुळे हे काम सध्या निसर्गाकडे सोपवलेलं होतं आणि वाळ्याचा कूलर कोपऱ्यात विश्रांती घेत होता. भिंतींना आरसे, टेबलांना सनमायका, गल्ल्यावर मालक. मालकाच्या कपाळावर गंध, बोटात अंगठ्या आणि मागं आठ-दहा देवांच्या तसबिरी, कोणाचाही रोष नको म्हणून. आम्ही आत शिरलो तेव्हा वेटरनं पडद्याच्या खोलीकडे बोट करून विचारलं, "फॅमिली हाय का?" आमच्याकडे फॅमिली म्हणजे बायको. मी म्हणालो, "आई आहे."

"मंग फॅमिलीच की," त्यानं निकाल दिला. मायला मात्र पडद्याआड बसायचं नव्हतं.

समोरून एक मोठं कुटुंब जेवून बाहेर येत होतं. माय भिंतीला चिकटून उभी राहिली. पदर आवरून घेतला, निऱ्या चिमटीत धरल्या, कोणाला धक्का लागू नये म्हणून. ते सगळे जाईपर्यंत तिनं श्वाससुद्धा बेतानं घेतला असेल. गल्ल्यावरून मालक हे बघत होता. मग आम्ही बसलो. ती खुर्चीच्या कडेला. वेटरनं पाण्याचे ग्लास ठेवले, तिनं आपला ग्लास दोन बोटं लांब सरकवला.

मेन्यूकार्ड रेग्झिनच्या बांधणीचं होतं. इतकी सुंदर बांधणी आमच्या ग्रंथालयात एकाही पुस्तकाला नव्हती. आत चार पानं भरून पदार्थ होते, त्यातला 'व्हेज कटलेट' हा 'वेज कलेक्टर' असा छापलेला होता. जिल्ह्याच्या गावाला ते शोभूनही दिसत होतं. काय काय मिळेल असं विचारल्यावर वेटर म्हणाला, "डोसा अन् चहा." आम्ही डोसा मागवला. तो पातळ, कुरकुरीत आणि ताटलीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला होता. मायनं एक तुकडा खाल्ला, मग दुसरा. "धिरडंच हाय की," ती म्हणाली, "पण मन लावून केलंय." तिच्याकडून हे पदक होतं. मला वाटलं, खटला आपण जिंकत आलो.

मग चहा सांगितला आणि तिनं पिशवीतून पेला काढून टेबलावर ठेवला.

"यात वत म्हणावं."

वेटर पेल्याकडे बघत राहिला. पेला ट्यूबलाइटखाली देव्हाऱ्यातल्यासारखा चमकत होता. वेटर वळला, गल्ल्यापाशी गेला आणि मालकाच्या कानाला लागला. मालक उठला. आमच्याकडेच येऊ लागला. आता तो विचारणार, कुठले तुम्ही, नाव काय. हे शहरही शेवटी गावासारखंच आहे, हे आज मायच्या देखत सिद्ध होणार, आणि त्यानंतर तिला थांब म्हणायला मला तोंड उरणार नव्हतं.

मालक टेबलापाशी आला आणि त्यानं हात जोडले.

"आईसाहेब," तो म्हणाला, "आमचा कप चालत न्हाई का?"

मायनं पेला आपल्याकडे ओढून घेतला.

"समजलं मला. आमची आत्याबाई बी अशीच व्हती. बाहेरचं पाणी घेत नव्हती, कुणाला शिवत नव्हती. तुमी दारात उभ्या ऱ्हायल्या तवाच वळखलं मी. पण काळजी करू नका. आपल्याकडं सगळं सोवळ्यात हाय. आचारी बामण हाय बगा."

माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मोकळं कपाळ, आवरलेला पदर, लांब सरकवलेला ग्लास आणि घरचा पितळी पेला. आपला पेला सोबत घेऊन दोनच प्रकारची माणसं हिंडतात. एकांना जगाचा विटाळ होतो आणि दुसऱ्यांचा जगाला. मालकानं दोहोंतून एक निवडलं होतं, आणि ते नेमकं चुकीचं होतं.

मायनं माझ्याकडे बघितलं. मी मेन्यूकार्डात डोकं घातलं.

"बामण हाय का," ती सावकाश म्हणाली. "आन् कप?"

"गरम पाण्यानं धुतो आईसाहेब."

"कितीबी धुवा. मी कुणाचं उष्टं घेत न्हाई."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. मालक वेटरकडे वळला आणि म्हणाला, "बग. याला म्हणत्येत वळण." मग त्यानं स्वतः किटली आणली. पेला मायनं पुढं केला आणि त्यानं चहा वरून ओतला, चांगला हातभर उंचावरून, किटलीचा स्पर्श तिच्या पेल्याला होऊ नये म्हणून.

तेवढ्याच उंचीवरून पडणारा चहा माझ्या मायनं जन्मभर बघितला होता. तिनं धार बघितली, मग मालकाचा चेहरा बघितला. तो वाकला होता.

ती शांतपणे चहा प्याली. गल्लीत वळेपर्यंत ताठ मानेनं चालली. मग एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली, पदराचा बोळा तोंडात धरला आणि खांदे हलेपर्यंत हसली.

"बाबा रे," ती डोळे पुसत म्हणाली, "सोवळी झाले की मी. एका च्यामदी."

"हळू बोल."

"तुझा बाप असायला पायजे व्हता. त्याला म्हनले असते, जरा लांब सर."

तो बामण आचारी खरा कुठला होता ते मला पुढं कळलं. इथं सांगून त्याची नोकरी घालवत नाही.

त्यानंतरचे दिवस आमच्या घरात तो मालकच राहायला आल्यासारखा होता. भाकरी थापताना ती मध्येच हात जोडायची, "आईसाहेब, आमचा तवा चालत न्हाई का?" शेजारच्या मास्तरीणबाईंना तिनं हा प्रसंग तीनतीनदा करून दाखवला, आणि प्रत्येक खेपेला मालक थोडा जास्त वाकायचा. एकदा मात्र निवडणं निवडता निवडता थांबली आणि नेहमीचंच वाक्य बोलली, पण निराळ्या आवाजात. "इथं मला कोणीच वळखत न्हाई रे." मी काही म्हणणार तेवढ्यात पुढं म्हणाली, "गावात कुत्रं बी वळखतंय." आणि पुन्हा खडे वेचू लागली.

मला वाटलं, आता ती राहणार. पण उरूस आला, गाववाले आले, पाळणे फिरले, रेवड्या वाटून झाल्या आणि तिनं पिशवी भरली. शब्दाला पक्की. गाववाले आदल्या दिवशीच निघून गेले होते. तिच्या गुडघ्यासाठी एक दिवस थांबवली, तेवढंच मला साधलं. दुपारच्या गाडीला निघालो. मी पुढं पिशवी घेऊन, ती मागं. सगळा रस्ता मी एक युक्तिवाद शोधत होतो. इतकी पुस्तकं वाचली, पण त्यातलं एक वाक्य कामाला येईना.

हॉटेलपाशी ती थांबली. "च्या घेऊ," म्हणाली.

मालकानं आम्हाला दारातच ओळखलं आणि गल्ला सोडून पुढं आला. "या आईसाहेब. वेटर, पंखा लाव." थंडीतला पंखा हा मानाचा भाग होता. माय या वेळी खुर्चीत नीट टेकून बसली. पिशवीत हात घातला, पेला काढला, टेबलावर ठेवला. त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. मग उचलून परत पिशवीत टाकला.

"ऱ्हाऊ द्या आज," ती म्हणाली. "तुमच्या कपात द्या."

मालकाला हे अपेक्षित नव्हतं. त्याचा चेहरा फुलला.

"पण धुतलेला पायजे," माय म्हणाली.

"मी सोता धुतो आईसाहेब."

आणि खरंच, त्यानं कपाटातून नवा, सोनेरी काठाचा कप काढला, शर्टाची बाही सारली, अंगठ्या काढून खिशात टाकल्या आणि समोरच्या बेसिनवर उभा राहून तो कप धुवायला लागला. आतून, बाहेरून, कानाच्या खाचेतून. मग वेटरकडून आधणाचं पाणी मागवून त्यातून काढला. स्वच्छ फडक्यानं पुसला. दिखाऊपणाचा मला तिटकारा आहे आणि त्या माणसाचा सगळा व्यवहार दिखाऊ होता. पण त्या दिवशी त्याच्याइतकं मन लावून काम करणारा माणूस अख्ख्या परभणीत मला दिसला नसता. माय मान वळवून सगळं बघत होती, एखादा सोहळा बघावा तशी. कप विसळण्याचा आवाज थांबला तरी ती बेसिनकडेच बघत राहिली.

चहा कपबशीत आला. तिनं बशीत ओतला, फुंकर घातली आणि प्याली. नंतर सवयीनं कप हातात घेऊन उठली. बेसिनकडे एक पाऊल टाकून थांबली, परत आली आणि कप टेबलावरच ठेवून दिला. वेटरनं तो उचलून नेला.

"कसा होता?" मी विचारलं.

"साखर जास्त व्हती."

बाहेर आलो. स्टँडवरून गाडीचा हॉर्न ऐकू येत होता. मी पिशवी खांद्याला लावली आणि म्हणालो, "माय, चल लवकर. तुझी गाडी लागली."

"लागू दे की," ती म्हणाली. "गाड्या काय, रोजच हायत." तिनं लुगड्याचा काठ वर धरला आणि स्वतःच्या पायांकडे बघितलं. "त्या चपलावाल्याकडं चल आदी. त्याला पाय मोजून द्यायचा ऱ्हायलाय."